मेणातला कण

अप्पांच्या जिभेवरची गाठ कलबुर्गीच्या दवाखान्यात काढली आणि आठवड्यानं ते कमलनगरला घरी आले. गाठीचा कण मेणात बसवून ठेवला होता. तो आणायला मी परत गेलो, तेव्हा लॅबवाल्यानं काडेपेटीएवढी डबी हातात दिली. ती बेंगळुरूला पाठवायची होती. गाठीतली कुठली जनुकं किती जोरात काम करतायत हे तिथं मोजतात आणि आजार उलटेल का ते सांगतात. "अंदाजच असतो तो," डॉक्टर म्हणाले होते.

घरी पोचलो तर कुरिअर बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. "उन्हात ठेवू नका," असं लॅबवाल्यानं बजावलं होतं, पण एप्रिलात आमच्याकडं सावलीही तापते. मेण वितळेल या धास्तीनं मी डबी पिशवीत बांधली, माठाला टेकवून ठेवली आणि तासातासाला उघडून बघायला लागलो. अप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कामून घाबरायलास?"

तेवढ्यात आईनं विचारलं, "तपासून झाल्यावर ते परत देतेत का?"

"तुला कशाला पायजे?" मी खेकसलो.

"आपल्यात जाळीत न्हाईत, पुरतेत," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "मानूस सगळा एका जागी असावा."

अहवाल यायला अजून तीन आठवडे होते. अप्पांकडं बघायची माझी हिंमत होईना. मागं पाटीवर पेन्सिल कुरकुरली, म्हणून वळलो.

त्यांनी लिहिलं होतं, "मागून घे."