दवाखान्याची मावशी

"दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत," अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्याकडे पाहून. ज्याच्या किडन्या, तो माझा मोठा भाऊ शेजारच्या खुर्चीत फाईल मांडीवर घेऊन बसला होता.

"तुम्हीच पालक ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

गजूभाऊ बेचाळीस वर्षांचा, मी अडतीसची. पण जन्मापासूनच त्याची समज कमी, पाच-सहा वर्षांच्या लेकराएवढीच राहिली. आई-बाबा गेल्यावर मी रीतसर अर्ज करून त्याच्या पालकत्वाचं प्रमाणपत्र काढलं. मूर्तिजापुरात आमचं फुलांचं दुकान आहे. शेवंतीचा हार ओवावा तर भाऊनंच. मात्र त्याला विचारून घरात कधी काही ठरलं नाही. त्याचा शर्टसुद्धा मीच पसंत करायची.

आजाराचं नाव क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज फाइव्ह. म्हणजे रक्त गाळायचं काम किडन्यांनी जवळपास सोडून दिलेलं. महिनाभर त्याच्या पायांवर सूज होती आणि मी म्हणत होते, दिवसभर बसून राहतोस म्हणून सुजतात. ते आठवलं की अजून जीव तळमळतो. हृदयही कमजोर, त्यामुळे किडनी बदलणं शक्य नव्हतं. उरलं डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. जागा मिळाली अकोल्यात.

दवाखान्याचं नाव काढलं की भाऊ दाराची चौकट धरून बसायचा. अकोल्यात आमची शांतामावशी राहते. तिच्या हातचे कढीगोळे, कढीत शिजवलेले डाळीचे गोळे, म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी सोपा मार्ग काढला. "चाल भाऊ, मावशीकडे जाऊ." पाच मिनिटांत तो भांग पाडून तयार. अकोल्यातल्या चौकात उजवीकडे मावशीचं घर, डावीकडे दवाखाना. आम्ही डावीकडे वळायचो.

तीन-चार खेपा हे चाललं. मग तो बसमध्येच रडायला लागला, तरी मी तेच म्हणत राहिले. दुसरं काय म्हणावं ते सुचतच नव्हतं.

त्याच्या मानेत कॅथेटर होतं, म्हणजे रक्त ने-आण करणारी नळी. ती त्यानं दोनदा ओढली. मग त्याचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधू लागले. संमतीच्या कागदावर सही माझी. आतून हाका यायच्या, "रेखा, सोड मले!" मी बाहेर येरझारा घालायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वॉचमन एकदा वैतागला, "ताई, बसा ना जरा. तुमच्याकडं पाहून मलेच चक्कर येऊन राहिली."

यंत्रावर त्याचं बीपी पडायचं. दुसरा अख्खा दिवस तो नुसता पडून असायचा, हाराला हात लावायचा नाही. दोन महिने असे गेले. पण मी हट्टाला पेटले होते. पालक मी, मी कशी हार मानणार?

एका रविवारी मावशी स्वतः डबा घेऊन आमच्याकडे आली. "गजू, पाह्य बरं काय आनलं तुह्यासाठी!"

भाऊ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला. दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मावशी नाई. मावशी नाई."

मावशीचा चेहरा पडला. "काहून वं रेखा? म्या काय केलं याचं?"

तिनं काहीच केलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला अकोल्याच्या डॉक्टरांना मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "पालकानं स्वतःच्या मनासारखं ठरवायचं नसतं. या माणसाला काय हवं असेल, ते शोधायचं असतं. तुम्ही त्यांना विचारलंत?"

"त्याले काय समजते सर?" माझ्या तोंडून निघालं.

"खरं सांगून तर पाहा."

दुकानात तो हार ओवत असताना मी समोर बसले. "भाऊ, मी खोटं बोलली. आपण मावशीकडे नाई, दवाखान्यात जात होतो."

"मले ठाऊक हाय," तो खाली मान घालून म्हणाला.

"तिथं नाई गेलं तं तू मरशीन, भाऊ. आई गेली तसा."

त्यानं एक फूल ओवलं. "आईचे हात बांधले होते?"

"नाई."

"मंग मले बी नोको."

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारायला सांगितलं होतं. आठ दिवसांत तीनदा विचारलं, दवाखाना नको, हेच उत्तर. मग डॉक्टर आपसात बसले, मलाही बसवलं. हा निर्णय एकट्या माझ्या सहीचा नव्हता. ठरलं ते पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार हटवण्याऐवजी त्रास हटवणारा उपचार. यंत्र नाही, आयसीयू नाही, दम लागला तर औषध. हात बांधायचे नाहीत, ही ओळ मी हट्टानं लिहून घेतली.

नातेवाइकांतल्या एकानं तोंडावर विचारलं, "भावाचा जीव घेऊन राहिली का?" फुलं निवडता निवडता आजही मनात येतं, चुकलं तर नाही? मग उठून उगाच दुकान झाडते.

तुमच्याही घरी असं माणूस असेल, ज्याच्या वतीनं तुम्ही सह्या करता, तर सहीच्या आधी त्याच्यासमोर बसा. त्याला काय कळणार, असं माझ्यासारखं म्हणू नका. मला तो प्रश्न विचारायला लावणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

यंत्र थांबवल्यावर भाऊ एकोणीस दिवस होता. चौथ्या दिवशी मी विचारलं, "मावशीकडे जायचं?"

"खरी मावशी का दवाखान्याची मावशी?"

"खरी."

त्याचा विश्वास बसला नाही, पण आला. शेजाऱ्यांची गाडी घेतली होती. अकोल्याचा चौक दिसताच त्यानं माझं मनगट करकचून धरलं आणि डोळे मिटले. गाडी उजवीकडे वळली. थोड्या वेळानं त्यानं एक डोळा उघडून पाहिलं.

मावशीकडे खुर्चीवर बसला तरी हात पाठीमागेच होते. मावशी कढीगोळ्यांचं ताट ठेवून बाजूला झाली. आधी उजवा हात पुढे आला, मग डावा.

"मावशे," तो म्हणाला, "दोनच गोळे काहून वाढले?"