लिंबाजीअण्णांचा नकार

लिंबाजीअण्णा माणसाच्या तोंडाकडे आधी कधी पाहत नसत. कळंबमध्ये रस्त्याकडेला त्यांची पंक्चरची टपरी. मोटारसायकल थांबली की मान वाकडी करून पुढचा टायर बघायचा, मग मागचा, आणि जमलं तर राम राम. मी शाळामास्तर. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, “गुर्जी, पुढं गुळगुळीत अन् मागं कोरा? म्हातारा बैल अन् उधळ्या खोंड एका औताला जुपता का तुमी?” माझ्याकडे ना बैल, ना औत. मुकाट्यानं पुढचा टायर बदलला.

आमच्याकडच्या दूधवाल्यांची एक खोड आहे. काळ्या रानातल्या चिखलातून गाडी निघावी म्हणून मागच्या चाकाला मोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे जाड रबरी उंचवट्यांचा, टायर टाकायचा, पुढे मात्र जुना, झिजलेलाच ठेवायचा. कॅन मागे असतात, मग पुढच्याला काय लागतंय, हे सगळ्यांचं शास्त्र. अण्णा भडकायचे. “मागचं ढकलतंय रं, पर वळवतंय कोण? तुजा बाप?” असं म्हणून गिऱ्हाईक हाकलायचे. समोरच्या दुकानात तेच काम निमूट होई. खोटं कशाला सांगू, मला त्या हट्टाचं फार कौतुक वाटायचं.

त्यांचा धाकटा भाऊ दत्ता गावाकडून दूध आणायचा. श्रावणात तो टपरीवर आला, तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो.

“अण्णा, मागं गुट्टीचा बसवा. पांदीत गाडी लई रुततीया.”

“पुढचा बी बदल. न्हाय तर म्या हात लावणार न्हाय.”

“पुढच्याचं दिवाळीला बघू की.”

“मग दिवाळीलाच ये.”

दत्ता हसला आणि समोरच्या दुकानातून मागचा टायर बसवून घेऊन गेला. चौथ्या दिवशी सकाळी ओल्या वळणावर म्हैस आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला. मागच्या चाकानं रस्ता धरला, पुढचं सटकलं. दत्ता जागीच गेला.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. समजूत घालावी म्हणून म्हणालो, “अण्णा, तुम्ही सांगितलं होतं की त्याला.”

“सांगितलं न्हाय, गुर्जी, हाकललं. म्या बसवला असता, तर पुढं एखादा बरा जुना टायर माज्या हातानं घातला असता. टपरीत चार पडलेत. पर मला माजंच खरं करायचं व्हतं.”

 

आता अण्णा कुणालाच नाही म्हणत नाहीत. मागं गुट्टीचा मागणाऱ्याला पुढचा फुकट देऊ करतात. घेत मात्र कुणी नाही. फुकट देतोय म्हणजे भंगार असणार, असं काहींना वाटतं. मेलेल्या भावाच्या नावानं दिलेली वस्तू कशाला गाडीला लावा, असं बाकीच्यांना.

परवा एक दूधवाला आला. अण्णांनी चांगला, नक्षी शाबूत असलेला टायर दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. “घे रं बाबा. तुज्या पाया पडतो.”

“ऱ्हाऊ द्या अण्णा, दूध नासंल. मागचं तेवढं लवकर करा.”

अण्णांनी टायर खाली ठेवला आणि ते मागचं चाक खोलायला बसले.