काटा बसेपर्यंत

आमच्या दादाशी सकाळी कुणी बोलायला जाऊ नये. तो रागीट आहे असं नाही, रागीट मी आहे. पण गाडी चालू केली की तो काट्याकडे बघत बसतो आणि तेवढा वेळ त्याला माणसं ऐकूच येत नाहीत. काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिनात तेलाचा दाब किती आहे ते दाखवणारा. आणि गाडी म्हणजे ट्रक. ट्रक हा शब्द मी दादाच्या तोंडून कधी ऐकला नाही, जणू काही घरातल्या माणसाची जातपात काढल्यासारखं होईल.

गाडी जुनी. घेतली तेव्हाच जुनी होती. दादा आधी लोकांच्या गाड्या धुवायचा, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि लग्नानंतर कधीतरी ही स्वतःची आली. मूलबाळ झालं नाही. घरात एकटीनं बसून करायचं काय, म्हणून वहिनी त्याच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसायला लागली. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत, रिकामटेकड्यांना तेवढाच उद्योग. खाणीवर खडी भरायची, बांधकामावर ओतायची, परत खाणीवर जायचं, आणि प्रत्येक फेरीला वहिनी बरोबर.

तिचं एक कामही ठरलेलं होतं. सकाळी इंजिन थंड असतं, तेल घट्ट असतं, त्यामुळे काटा एकदम वर जाऊन उभा राहतो. इंजिन तापेल तसं तेल पातळ होतं आणि काटा हळूहळू उतरून मधोमध येऊन बसतो. तो बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा दादाचा नियम. तो खाली टायर ठोकून बघत फिरायचा आणि मधूनच विचारायचा, "बसला का?" वहिनी वरून म्हणायची, "बसला, चला." सगळी गल्ली हे ऐकत उठायची.

मग वहिनीचं विसरणं सुरू झालं. आधी भांडी, मग रस्ते, मग माणसं. मी शेजारीच राहते, नवरा गेल्यापासून एकटी, म्हणून दिवसभर तिच्याजवळ असायची. मला ती कधी "बाई" म्हणायची, कधी "नर्स", आणि एकदा तर "ही कोण भवानी घरात शिरलीय" असं म्हणाली. तेव्हा मी हसले होते. पण एका सकाळी दादानं अजून चावीसुद्धा फिरवली नव्हती, आणि ही वरून म्हणाली, "बसला, चला." दादा टायरपाशी तसाच वाकून राहिला. मला वाटलं कंबर धरली.

घरात ती राहीनाशी झाली. भिंतींवर हात आपटायची, दार ओरबाडायची, रडून रडून घसा बसायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती नुसती पेंगायची आणि पेंगता पेंगता रडायची. पुढं काय करायचं विचारलं तर म्हणाले, सांभाळा. अरे, ते तर आम्ही करतोच आहोत.

पण गाडीत बसवली की बाई शांत. इंजिनाची घरघर सुरू झाली की तिचे खांदे खाली यायचे, हात मांडीवर यायचे, डोळे रस्त्यावर लागायचे. कधी कधी दादाकडे बघून हसायची, अगदी नव्या नवरीसारखी. इंजिन बंद केलं की मात्र परत सगळं सुरू. म्हणून दादा खाणीवर रांगेत असो की खडी ओतायला थांबलेला असो, इंजिन बंद करायचाच नाही. पुढं ती चालत्या गाडीत दार उघडायला लागली, तेव्हा दाराच्या बाजूला मी बसायला लागले. ती मधे, दादा स्टिअरिंगवर. आमची ही वरात रोज निघायची.

आणि नेमका तेव्हाच काटा बिघडला. म्हणजे काटा ठीक होता, खोट आत होती. सकाळी तो ताठ उभा राहायचा, पण गाडी तापली की मधोमध न थांबता खाली खाली जायचा. थांबलेल्या गाडीत तर पार तळाला, आणि शेजारचा लाल दिवा पेटायचा. दादाचा जीव टांगणीला.

दादाचा जुना दोस्त म्हणजे गॅरेजवाला मिस्त्री. त्यानं गाडी चालू ठेवून, बंद करून, कान लावून बघितली आणि मला समजेल असं सांगितलं, कारण दादाला ऐकायचंच नव्हतं. "ताई, गरम झाल्यावर काटा थोडा उतरणारच, तो उतरायलाच पाहिजे. पण आता तो बसत नाहीये, झोपतोय. आतली बेअरिंग झिजलीत, फट वाढलीय. थंड तेल घट्ट असतं, फटीतून लवकर निसटत नाही, म्हणून सकाळी सगळं छान दिसतं. तापलं की पाण्यासारखं वाहून जातं."

"मग बदल की बेअरिंग," मी म्हटलं.

"या इंजिनाची मिळत नाहीत आता. कुणी बनवतच नाही. भंगारात शोधतोय, पण तिथंही झिजलेलीच." मग तो दादाकडे वळला. "चालतेय तोवर चालव. फक्त थांबलास की बंद करत जा. तापलेलं इंजिन थांबल्या जागी चालू ठेवलंस तर पंप हळू फिरतो, दाब सगळ्यात कमी तेव्हाच असतो. तेच तिला मारतंय."

"बंद केलं की ही रडते," दादा म्हणाला.

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. परत पुसले.

मग काही दिवसांनी दादा एकदम खुशीत. मला हात धरून गाडीपाशी घेऊन गेला, म्हणाला बघ. भर दुपारी, फेरी मारून आलेली गाडी, आणि काटा छान वर. मला मेलीला काय कळतंय, मी म्हटलं, झाली बरी एकदाची. त्या दिवशी आम्ही किती तरी दिवसांनी पोटभर जेवलो. वहिनीसुद्धा नीट जेवली.

दादानं काय केलं होतं? त्यानं आपलं साधं गणित मांडलं होतं. गार असताना काटा वर राहतो ना, मग इंजिन तापूच द्यायचं नाही. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट त्यानं काढून फेकून दिला होता, आणि बॉनेट अर्धवट उघडं बांधून गाडी चालवत होता. ज्या माणसानं आयुष्यभर काटा उतरायची वाट बघितली, तोच आता काटा उतरू नये म्हणून धडपडत होता. प्रेमात माणूस इतका मठ्ठ होतो का? होतो. मी समोर बघितलाय.

मिस्त्रीला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. तेलाची पट्टी ओढून आधी स्वतः हुंगली, मग दादाच्या नाकाखाली धरली. "डिझेलचा वास येतोय. इंजिन तापलं नाही तर डिझेल नीट जळत नाही, उरलेलं तेलात उतरतं. वरून गार इंजिन झिजतंही जास्त. काट्याला खूश ठेवायला तू इंजिन खाल्लंस, बाबा." शिव्या घालायला तोंड उघडलं होतं त्यानं, पण केबिनमधून वहिनी त्याच्याकडे बघून हसत होती. त्यानं पाना उचलला. तेल बदललं, नवा थर्मोस्टॅट बसवला, बॉनेट लावलं. काटा पुन्हा तळाला गेला. निघताना मला हळूच म्हणाला, "आता ठोकायला लागलं की समजा संपलं."

ठोकायला लागलं. आधी चढावर, मग सगळीकडेच. आत बसून कुणी हातोडी मारतंय असा आवाज. दादा रेडिओ मोठा करायचा. आम्ही दोघंही ऐकू न आल्यासारखं करायचो. दुसरं करणार तरी काय होतो?

त्या दिवशी खाणीवर मोठी रांग होती. आमची गाडी रिकामी, पुढं गाड्याच गाड्या, वर ऊन. बाकी सगळ्यांनी इंजिनं बंद केलेली, आमचं तेवढं चालू. लाल दिवा पेटला. काटा तळाला लागला. ठोकणं वाढलं, इतकं की पुढचा ड्रायव्हर उतरून बघायला आला. मी म्हटलं, "दादा, बंद कर." त्यानं वहिनीकडे बघितलं. ती मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. माझा हात चावीकडे गेला, तो त्यानं धरला. जोरात नाही, नुसता धरला. "थोडा वेळ राहू दे," म्हणाला. आतून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला, गाडी हादरली आणि इंजिन बंद पडलं.

दादानं चावी फिरवली. कट्. परत फिरवली. मग वहिनी सुरू झाली. काचेवर हात, डॅशबोर्डवर हात, माझ्या तोंडावर हात. मी तिला मिठीत धरून ठेवली आणि तिच्याबरोबर मीपण रडले. दादा चावी फिरवतच राहिला.

मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला दया आली. अनोळखी, आमच्यासारखाच खडीवाला. आपली जागा सोडून तो पुढं आला, साखळी बांधली आणि आमची गाडी ओढत घराकडे निघाला. रस्ता सगळा सपाट. दादा मेलेल्या गाडीचं जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवत होता. इंजिनाची घरघर नव्हती, पण चाकं फिरत होती, झाडं मागं जात होती. वहिनी हळूहळू निवली. खांदे खाली आले. हात मांडीवर आले.

गल्ली आली तेव्हा दादानं खिडकीतून डोकं काढून ओरडून विचारलं, "भाऊ, एक चक्कर अजून माराल का?" त्या माणसानं मागं वळून बघितलं, काय समजायचं ते समजला. एक चक्कर झाली. दादानं पुन्हा विचारलं. पुन्हा झाली. मग तो ड्रायव्हर घरासमोर थांबला, उतरून खिडकीपाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "माफ करा, दादा, मलाही अजून खडी भरून पोचवायचीय." माफी कसली मागायची त्यानं.

दादा उतरला, साखळी सोडली, त्याला नमस्कार केला. ती गाडी गेली. वहिनी ताठ झाली, इकडंतिकडं बघायला लागली. मला म्हणाली, "थांबली का गं?"

"सिग्नल लागलाय, वहिनी," मी म्हटलं. "सुटेल आता."

ती समोर बघत बसली. दादा खाली उभा होता, आणि दार उघडून वर यायची त्याची हिंमत होत नव्हती.