तांदळाच्या डब्यातले देव

कोपऱ्यावरचा टपरीवाला आज सकाळी गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत होता. दूध घेऊन येताना ते दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच हातांनी त्याने माझ्या धाकट्या भावाला, सुहासला, पानाच्या आडून गर्दच्या पुड्या विकल्या. त्यापायी आधी आमची समई घरातून गेली, मग घंटा. तेव्हापासून पूजा झाली की मी देव पुसून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते. आमच्यावर देव लपवायची पाळी आणली, त्याचा देव मात्र भर रस्त्यात मिरवतो! ती टपरी पेटलेली मी मनातल्या मनात कितीदा पाहिली आहे.

सुहास आता व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला आहे आणि कुठेही जाताना लांबचा रस्ता धरतो. घरी येताच मी त्याला म्हटलं, "इस्त्रीचा शर्ट घाल आणि चल त्याच्यासमोरून. जळू दे मेल्याला."

"ताई, तुझं भांडण तू भांड. माझे पाय अजून तिथे अडखळतात गं."

मी पूजेला बसले. पूजा उरकून डबा उघडला, तर तो मागेच उभा.

"केंद्रात जायच्या आधीपासून ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "भातात कुंकवाने लाल झालेली शितं यायची."

ठाऊक होतं, तरी देवांना हात लावला नव्हता त्याने.

मी डबा बंद केला. देव देवघरातच राहिले. टपरीवाल्याला मात्र माफी नाही. उद्या नवी घंटा आणणार आहे, चांगली दणदणीत, थेट त्याच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल अशी.