तळव्यातले वचन

शिवपुत्र वीरभद्र उमराणी (१९५६–२०२४) हे शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत ओतीव भाग घासत आणि दर सोमवारी लिंगायत मठात शिवभक्तीची वचने, म्हणजे शरणांची पदे, गात. कन्या दानेश्वरीने तीच वचने गिटार आणि ड्रमवर बसवली, तेव्हा "देवाचा ऑर्केस्ट्रा केलास व्हय गं?" असे विचारून त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले.

निवृत्तीनंतर, यंत्रांच्या घरघरीने आधीच अधू झालेले त्यांचे कान पुरते गेले. मठात ते इतरांच्या ओठांकडे पाहत आणि तरीही ताल चुकत. शेवटी गाणेच सुटले. देवाने आपल्याला टाकले, असे ते पत्नी गौराबाईंना रडून सांगत.

अखेर गौराबाईंनी त्यांना ओढतच लेकीच्या सरावाला नेले. "कान गेलं तर काय, हात हायत की!" असे लेकीला म्हणत त्यांनी नवऱ्याचा तळवा दणदणत्या स्पीकरवर दाबला. ठेका छातीपर्यंत उतरला, आणि लेकीच्या ओठांवरून ओळखलेल्या वचनावर शिवपुत्रांचे ओठ तालात हलू लागले.

"देव हाय की गं अजून!" ते ओरडले. "सोमवारी मठात वाजवा हे. स्वामींना मी सांगतो."

सोमवारच्या आधीच ते गेले. दफनाच्या वेळी दानेश्वरी नुसत्या गळ्याने गायली. स्वामींकडे टाकायचा शब्द तेवढा राहिला. तो अजून कोणी टाकलेला नाही.