वेबसाईटसाठी तीन कोटेशनं

कोपरगावजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर ऑपरेटर. करारावर. अकरा महिने काम, एक महिना घरी, की पुन्हा फोन येणार, "मॅडम, या." अशी नऊ वर्षं काढली. कॉलेजची वेबसाईट मी एकटीच सांभाळायचे. ती ज्या प्रोग्रॅमवर चालायची तो इतका जुनाट, की बनवणाऱ्या कंपनीनंही त्याचा नाद सोडला होता. अडकला तर किती वेळ हात लावायचा नाही, कुठलं बटण आधी दाबायचं, सगळं माझ्या डोक्यात. म्हणून तर तो फोन यायचा. नाहीतर मला काय सोनं लागलं होतं!

मागच्या फेब्रुवारीत प्रोग्रॅमनं मान टाकली. प्राचार्य म्हणाले, "नवीन सॉफ्टवेअर बघा. तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच निवडा."

झालं! माझी झोप उडाली. दोन सॉफ्टवेअर मनात भरली होती. एक विकतचं, अवघड. माझ्याशिवाय कॉलेजात कुणी त्याच्या वाटेला गेलं नसतं. दुसरं फुकट, आणि इतकं सोपं की ज्याला मोबाईलवर मेसेज टाइप करता येतो त्यानं वेबसाईट चालवावी. कॉलेजच्या भल्याचं दुसरं. माझ्या भल्याचं पहिलं. पोळी तव्यावर टाकताना वाटायचं सोपंच घ्यावं, उलटेपर्यंत विचार फिरलेला. नवरा म्हणाला, "अगं, अवघडच घे. आपल्या हातानं पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

शेवटी अवघडाचीच शिफारस लिहिली आणि ऑफिसात दिली. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी कागद उलटासुलटा केला. "ताई, तीन कोटेशनं कुठायत?"

आमच्याकडे केरसुणीपासून बाकापर्यंत काहीही घ्यायचं तर तीन कोटेशनं लागतात. त्यात सगळ्यात कमी भाव ज्याचा, ते पास. अवघडाची दोन दुकानदारांकडून मिळाली. तिसरं काही केल्या मिळेना. आठवडाभर नुसती येरझारा.

भाऊसाहेबच म्हणाले, "तुमी ते दुसरं म्हनत हुता ना, फुकटचं? त्याचाच कागद लावा की. तीन झाले म्हंजे झालं. वाचतंय कोन!"

मीही शहाणी. कोऱ्या कागदावर त्या सोप्याचं नाव लिहिलं आणि किमतीपुढे शून्य टाकलं. नुसती भरती म्हणून.

खरेदी समितीनं दोन मिनिटांत निकाल लावला. शून्याच्या खाली कोण जाणार? सोपं पास! भाऊसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "ताई, अभिनंदन." त्यांच्या डोक्यात फाईल मारावीशी वाटली.

वर प्राचार्यांचा हुकूम आला, भाऊसाहेबांनाही शिकवा. हा माणूस कॉम्प्युटरला भूत समजायचा. तीन दिवसांत शिकला! खरं सांगते, एक पायरी मुद्दाम सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. तर ते म्हणाले, "एवढी नोकरी झाली, ताई, पन या डब्याला कुनी हात लावू दिला न्हाई. म्हनायचे, मोडाल. तुमीच पैल्या." मग काय करता? सांगितली तीही पायरी.

एप्रिलअखेर करार संपला. मी घरी. जून लागला आणि मोबाईल हातातून सुटेना. रेंज बघ, आवाज वाढव, भाजी करताना ओट्यावर ठेव. दरवर्षी पहिल्या आठवड्यात फोन यायचा. या वर्षी दुसराही गेला.

मग एका दुपारी भाऊसाहेबांचा आला. "ताई, वेबसाईट बघता का? कुनाची मदत न घेता, माझं मी टाकलंय. काय चुकलं आसंल तर सांगा."

फोन स्पीकरवर टाकून उघडली. 'पाहिजेत. कॉम्प्युटर ऑपरेटर. एक जागा. करार पद्धतीने.'

नऊ वर्षांत माझ्या जागेची जाहिरात कधी निघाली नव्हती. टाकणार कोण होतं? राग आला, पण कुणावर काढावा कळेना. पलीकडून भाऊसाहेब हळूच म्हणाले, "सायबांनी सांगितलं, ताई. मी काय करनार?"

"मजकूर बरोबर आहे," मी म्हणाले. "शेवटची तारीख तेवढी राहिलीय."

"थांबा हां."

फोन तसाच चालू ठेवून मी थांबले. एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. पान पुन्हा उघडलं, तर तारीख आली होती. अर्ज करायला चार दिवस होते.