अड्ड्यावरची बाई आणि आमच्या शांतामावशी

माझी अक्कल एका रविवारी कुठे चरायला गेली होती, ते ऐकाच!

श्रीरामपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून शांतामावशी राहतात. ख्रिस्ती आहेत. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. मी मात्र अति आदराने ‘आँटी’!

मला सोमवारपासून पुन्हा कामावर रुजू व्हायचं होतं. माझी लेक ओवी दोन वर्षांची, आणि पाळणाघराचं नुसतं नावही मला नको. मावशी तिला सांभाळायला ‘हो’ म्हणाल्या तर नोकरी, नाहीतर घरी बसा! म्हणून त्यांना दुपारी चहाला बोलावलं. एरवी पाहुण्यांना पोहे. त्यांच्यासाठी मुद्दाम केक केला. तोही खालून करपला.

मावशी आल्या, तर टीव्हीवर नेमका एक जुना हिंदी खूनपट. त्या मांडी घालून पुढ्यातच बसल्या.

काय पिक्चर होता हो! अख्ख्या पोलीस ठाण्यात बाई औषधाला नाही. मराठी माणूस एकच, हवालदार, तोही तंबाखू मळण्यापुरता. नोकरी करणारी बाई एकच, ती खलनायकाच्या अड्ड्यावर दारू ओतायला! तोकडा फ्रॉक, तोंडात सिगारेट, गळ्यात हा एवढा क्रॉस. मध्यंतराआधी गोळी खाऊन मरणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं. या दिग्दर्शकाने आयुष्यात एक तरी ख्रिस्ती बाई जवळून पाहिली होती का?

तो क्रॉस दिसला आणि मी मावशींकडे पाहिलं. मावशी दुखावल्या तर? ओवीचं काय? झडप घालून मी टीव्ही बंद केला.

“अगं! खुनी कोन ते ऱ्हायलं की!”

“सॉरी हं, आँटी. तुमच्या समाजाला किती वाईट दाखवतात हे लोक! मलाच लाज वाटली.”

“तुला कशापायी? पिक्चर तू काढलाय व्हय?”

इथे गप्प बसावं की नाही? पण बी.एड.ला ‘पाठ्यपुस्तकांतील स्त्री-प्रतिमा’ या विषयावर प्रकल्प केलेली मी, गप्प कशी बसणार! साचेबद्ध पात्रं, पूर्वग्रह, प्रतिनिधित्व... वीस मिनिटं माझी गाडी थांबेना. मावशींची नजर बंद टीव्हीवर.

शेवटी मूळ मुद्द्यावर आले. “आँटी, ओवीला सांभाळाल का? तुमच्याकडे राहून तिचं इंग्लिशही सुधारेल. घरात इंग्लिशच बोलत असाल ना तुम्ही? आणि जमलं तर थोडा पियानो...”

मावशींनी केकची बशी खाली ठेवली.

“पियानू? बाई, मी चौथी शिकले. सगळा जन्म उसात खुरपं चालवण्यात गेला. आमच्या चर्चात पेटी आन् ढोलकी वाजती. तू मघापास्नं लई बोललीस, त्यातलं मला एवढंच कळलं, का त्या पिक्चरवाल्याला आमी ठाव न्हाई. आता तो पडला लांबचा मानूस. पन तू? तीन वर्सं झाली, दर आठवड्याला माझ्याकडनं ठेचा नेतीस की गं!”

मी मान खाली घालून ओवीचे मोजे सरळ करत बसले. तिच्या पायात मोजे नव्हतेच.

“आनून सोड पोरीला सोमवारी,” मावशी उठत म्हणाल्या. “तुमच्या घरात एक तरी शहानी व्हाया नको का?”